वेस्टर्न घोडेस्वारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण दोन बाजूंनी येतात. एक, टेक्सास-कोलोरॅडोकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतून, जिथे मुलीने शाळेतल्या मैत्रिणीचा घोडा पाहिलेला असतो. दुसरे, मुंबई-पुण्यात क्लबात इंग्लिश पद्धतीने शिकलेल्या आणि इकडे अमेरिकेत आल्यावर ते भलंमोठं खोगीर पाहून बुचकळ्यात पडलेल्या मंडळींकडून. दोघांसाठी एकत्रच लिहितो आहे.

वेस्टर्न म्हणजे काऊबॉय हॅट घालून घोडा पळवणं, एवढंच ना?

हॅट ऐच्छिक आहे आणि पळवणं तर फारच थोडं. ही पद्धत गुरं राखण्याच्या कामातून आली. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेसबरोबर घोडे मेक्सिकोत उतरले. पुढे तिथल्या व्हाकेरो नावाच्या घोडेस्वार गुराख्यांनी आपली विद्या उत्तरेला कॅलिफोर्निया आणि टेक्सासपर्यंत नेली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ पासून पुढची वीसेक वर्षं, टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत गुरांचे मोठमोठे कळप हाकत नेले जायचे. स्वार दिवसभर खोगिरावर, आणि त्याच्या एका हातात दोर.

हा हात मोकळा हवा, म्हणून लगाम एकाच हातात. दिवसभर बसायचं, म्हणून खोगीर रुंद आणि चाल आरामशीर. गाय कुठे वळेल हे स्वाराच्या आधी घोड्याला कळायला हवं, म्हणून सतत ओढाताण न करता घोड्यावर काम सोपवायचं. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

मी इंग्लिश पद्धतीने शिकलोय. सगळं नव्याने शिकावं लागेल का?

बैठक तीच. कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत, नजर पुढे. तोल आला असेल तर निम्मं काम झालं. अडचण येते ती हातांची. इंग्लिशमध्ये घोड्याच्या तोंडाशी हलका पण सततचा संपर्क ठेवायची सवय असते. इथे लगाम सैल सोडलेला असतो आणि घोड्याने तुम्ही न सांगताही आहे तो वेग, आहे ती दिशा धरून चालत राहायचं असतं. क्लबात शिकलेला माणूस नकळत लगाम आखडून धरतो. वेस्टर्न घोडा त्याचा अर्थ ‘थांब’ असा घेतो आणि मागे सरकायला लागतो. स्वार गोंधळून टाच मारतो, मग घोडा आणखी गोंधळतो. पहिले काही तास हेच चालतं.

रिकीब लांब ठेवायची, गुडघा जरासाच वाकलेला. दुडकीला खोगिरावर वर-खाली होण्याऐवजी बहुतेक वेळा बसूनच राहायचं. पाठीचा कणा ताठ पण कंबर मोकळी. हे सांगायला सोपं आहे.

खोगीर एवढं जड का? आणि पुढचं ते शिंग धरायला असतं का?

धरायला नाही. म्हणजे पडायची वेळ आली तर जरूर धरा, दातांपेक्षा लाज स्वस्त. पण ते शिंग दोरासाठी आहे. वासराच्या किंवा बैलाच्या गळ्यात फास पडला की दोराचं दुसरं टोक शिंगाला गुंडाळायचं आणि जनावराचा हिसका घोड्याच्या अंगावर घ्यायचा. दोनअडीचशे किलोचं जनावर धावत्या दोराला अडकलं की काय ताकद लागते याची कल्पना करा. ती ताकद सोसायला खोगिराच्या आत लाकडी सांगाडा असतो, त्यावर कच्चं कातडं चढवलेलं. दोर गुंडाळताना अंगठा मध्ये सापडून तुटलेले लोक या धंद्यात खरोखरच आहेत. नवख्याने दोराच्या वाटेला जाऊ नये.

वजनाचं म्हणाल तर साधं वेस्टर्न खोगीर बारा-पंधरा किलोच्या घरात जातं, दोराच्या कामाचं त्याहून जड. इंग्लिश खोगीर याच्या निम्म्याच्याही खाली असतं. पण वेस्टर्न खोगिराचा भार पाठीवर जास्त जागेत पसरतो, म्हणून लांबच्या रपेटीला ते घोड्यालाही बरं पडतं. अट एकच, सांगाडा त्या घोड्याच्या पाठीला बसला पाहिजे. खाली जाड नमदा घातला की चुकीचं खोगीर बरोबर बसतं, असं विकणारे सांगतात. बसत नाही.

खोगीर चढवताना आधी पुढचा तंग, म्हणजे पोटाखालून बांधायचा पट्टा, आवळायचा, मग मागचा. उतरवताना उलट, आधी मागचा सोडायचा. कारण पुढचा सुटलेला आणि मागचा लटकलेला असताना घोडा बुजला तर खोगीर फिरून पोटाखाली येतं, आणि मग जे होतं ते पाहू नये. पुढच्या आणि मागच्या तंगाला पोटाखालून जोडणारी एक छोटी वादी असते, ती आहे ना हे बघायचं. ती नसेल तर मागचा तंग सरकत जाऊन घोड्याच्या लवचिक पोटावर येतो. पुढचा तंग एका दमात आवळू नये. थोडा आवळा, घोडा चार पावलं चालवा, पुन्हा आवळा. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवून धरतात.

एका हाताने लगाम धरून घोडा वळतो कसा?

मानेला होणाऱ्या लगामाच्या स्पर्शाने. हात डावीकडे नेला की उजव्या बाजूचा लगाम मानेला टेकतो आणि घोडा त्या स्पर्शापासून दूर, म्हणजे डावीकडे वळतो. तोंड ओढलं जात नाही.

घोडा हे जन्मतः शिकून येत नाही. सुरुवातीला दोन्ही हातांत लगाम असतो. डावीकडे वळायचं तर आधी उजवा लगाम मानेला नुसता टेकवायचा. घोडा काहीच करत नाही. मग डाव्या लगामाने हलकेच नाक डावीकडे आणायचं आणि उजव्या पायाने बरगडीला स्पर्श करायचा. घोडा वळला की तिन्ही गोष्टी एकदम सोडायच्या. टेकवणं आधी, ओढणं नंतर, हा क्रम मोडायचा नाही. काही आठवड्यांत घोडा हिशेब लावतो की मानेला स्पर्श झाला की पुढे नाक ओढलं जाणार आहे, मग ती वेळ येण्याआधीच वळलेलं बरं. त्या दिवसापासून दुसरा हात हळूहळू मोकळा होतो.

एक मजेची गोष्ट अशी की हे आपल्याकडे अगदीच परकं नाही. भाला किंवा तलवार चालवणाऱ्या घोडदळाच्या स्वाराचा एकच हात लगामाला असायचा. पोलोचा खेळाडूही एका हातातच लगाम धरतो, कारण दुसऱ्यात काठी असते. तंबूची मेख भाल्याने उचलण्याच्या खेळातही तेच. ज्याला काम करायचं आहे त्याचा एक हात अडकलेला असतोच.

ते लांब दांड्यांचं बिट पाहून अंगावर काटा येतो. क्रूर नाही का ते?

चुकीच्या हातात असेल तर आहे. बिट म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारी, लगामाला जोडलेली धातूची पट्टी. तिचे मुख्य दोन प्रकार समजून घ्या. स्नॅफल म्हणजे दोन बाजूंना कड्या असलेलं साधं बिट, हाताने जेवढं ओढाल तेवढाच दाब तोंडात. कर्ब बिटाला खाली दांड्या असतात आणि हनुवटीखालून साखळी जाते. ते पहारीसारखं तरफेने काम करतं. तोंडाच्या पट्टीच्या वरचा भाग दीड इंच आणि खालचा साडेचार इंच असेल तर तुमचा एक किलोचा दाब घोड्याला तीन किलोंचा लागतो. शिवाय हनुवटी आणि डोक्याच्या मागेही दाब येतो.

म्हणूनच कर्ब बिट हा शिकलेल्या घोड्याचा आणि शिकलेल्या हाताचा मामला आहे. त्यात लगाम सैल लोंबत असतो, आणि करंगळी हलवल्याइतक्या खुणेला घोडा उत्तर देतो. कर्ब लावून लगाम ओढत फिरणारा स्वार दिसला तर तो तबेला सोडून द्या. साखळी आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं सहज जातील एवढी जागा असावी.

कॅलिफोर्नियाच्या जुन्या परंपरेत तर घोड्याच्या तोंडात बिट जायला वर्षानुवर्षं लागतात. आधी बोसाल, म्हणजे नाकावरची विणलेल्या कच्च्या कातड्याची पट्टी. मग काही काळ बोसाल आणि बिट दोन्ही एकदम. आणि शेवटी नुसतं बिट. एक घोडा पुरा घडवायला पाच ते सात वर्षं. आज इतका धीर कमी लोकांकडे आहे, पण ते घोडे पाहिले की धीर कशासाठी धरायचा हे कळतं.

घोडा शिकतो म्हणजे नेमकं काय होतं? साखर देऊन शिकवतात का?

साखरेने घोडा खिसे हुंगायला शिकतो. वेस्टर्न प्रशिक्षणाचा पाया दाब आणि सुटका हा आहे, आणि शिकवण्याचं काम दाब करत नाही, सुटका करते. हे नीट कळलं तर बाकी सगळं तपशिलाचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

घोड्याने मागचे पाय बाजूला टाकावेत असं हवं आहे समजा. मोहरकीची दोरी डाव्या हातात सैल धरून त्याच्या डाव्या बरगडीशी उभे राहा. उजव्या हाताची बोटं तंगाच्या मागे, स्वाराची टाच जिथे लागते तिथे ठेवा. आधी केसांवर नुसती. मग कातडीवर. मग मांसावर. घाई नाही, पण दर पायरीला दाब वाढतो, कमी होत नाही. एका क्षणी त्याचा डावा कान तुमच्याकडे वळेल आणि वजन एका मागच्या पायावरून दुसऱ्यावर जाईल. पाय उचलला नाही तरी हरकत नाही, नुसतं वजन सरकलं तरी हात लगेच काढून घ्या. दोन पावलं मागे या आणि त्याला उभं राहू द्या. दुसऱ्या खेपेला वजन लवकर सरकतं, तिसऱ्या-चौथ्याला पाय सुटतो. थोड्याच वेळात केसांवर बोटं टेकताच मागचा पाय दुसऱ्या पायापुढून ओलांडून जातो.

हात अर्धा सेकंद उशिरा काढलात, तर घोड्याने जे केलं त्याबद्दल त्याला काहीच मिळालं नाही. घोड्याने डोकं वर झटकलं आणि त्याच क्षणी घाबरून तुम्ही दोरी सोडलीत, तर आज तुम्ही त्याला डोकं झटकायला शिकवलंत. हट्टी म्हणून बदनाम झालेले बरेच घोडे खरं तर उत्तम विद्यार्थी असतात, त्यांना नको ते फार नीट शिकवलेलं असतं.

जंगली घोड्यावर बसून तो दमेपर्यंत उड्या मारू देतात ना?

पूर्वी तसं करत. मोठ्या रँचवर, म्हणजे गुरांच्या फार्मवर, घोडे भरपूर आणि वेळ कमी, म्हणून घोडा बांधून, खोगीर लादून, वर बसून त्याचं अवसान मोडायचं. काही घोडे कामाचे व्हायचे, बरेच कायमचे बिथरायचे. ऑरेगनमध्ये जन्मलेले टॉम डोरन्स (१९१०–२००३) आणि त्यांच्याकडून शिकलेले आयडाहोचे रे हंट (१९२९–२००९) यांनी दुसरी वाट लोकांपर्यंत नेली. घोडा का घाबरतो ते बघा, योग्य गोष्ट त्याला सोपी करून द्या, आणि त्याने प्रयत्न केला की लगेच मोकळं सोडा. रे हंट यांनी १९७०च्या दशकापासून गावोगाव शिबिरं घेतली. आजचा कुठलाही चांगला वेस्टर्न प्रशिक्षक कळत-नकळत या दोघांचं काहीतरी घेऊनच काम करतो.

यातूनच गोल रिंगण, दोरीवरचं काम, प्लॅस्टिकची पिशवी फडफडवून भीड घालवणं, हे सगळं घरोघरी पोचलं. त्याचा आता थोडा अतिरेकही झाला आहे. रिंगणात घोड्याला तासभर गरगर पळवणं म्हणजे विश्वास मिळवणं नव्हे, ती दमवणूकच आहे, फक्त खोगिराशिवाय.

शिंगरावर कितव्या वर्षी बसायला सुरुवात करावी?

या प्रश्नावरून तबेल्यांत भांडणं होतात. रूढी दोन वर्षांची आहे, कारण तीन वर्षांच्या घोड्यांच्या मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा असतात आणि त्यांची तयारी आधी सुरू करावी लागते. पण घोड्याची हाडं सगळी एकदम भरत नाहीत. गुडघ्याच्या वरची वाढ अडीच वर्षांच्या सुमारास थांबते, तर पाठीच्या मणक्यांची पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू राहते. आणि आपण बसतो पाठीवर.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या वर्षी जमिनीवरून सगळं शिकवा, खोगिराची सवय करा. तिसऱ्या वर्षी हलक्या स्वाराने थोडा थोडा वेळ बसावं. खरं काम चौथ्यानंतर. स्पर्धेचं बक्षीस सोडावं लागलं तर सोडावं.

जॉग आणि लोप म्हणजे काय?

जॉग ही मंद दुडकी, दोन ठेक्यांची, कर्णरेषेतले पाय जोडीने पडतात. लोप ही तीन ठेक्यांची सावकाश दौड. लोपमध्ये घोडा डावा किंवा उजवा पाय पुढे काढून धावतो. वळण डावीकडे असेल तर डावा पाय पुढे हवा, नाहीतर तोल जातो आणि बसणाऱ्यालाही धक्के बसतात. कोणता पाय पुढे आहे ते खाली न वाकता ओळखता यायला हवं. खोगिराची एक बाजू जरा पुढे गेल्यासारखी वाटते, तिकडे लक्ष द्या.

घोडा उधळला तर?

दोन्ही लगाम जीव खाऊन ओढू नका. त्याने घोड्याला टेकायला आधार मिळतो आणि तो आणखी जोरात धावतो. एक लगाम आखूड करून हात मांडीकडे आणायचा, नाक हळूहळू गुडघ्याकडे वळवायचं, त्याच बाजूच्या पायाने मागचे पाय बाजूला सारायचे. मागचे पाय एकमेकांना ओलांडायला लागले की धावण्याची ताकद सुटते. मात्र हे भरधाव वेगात झटक्याने केलं तर घोडा कोसळू शकतो. म्हणून ते उधळण्याआधी, घोडा अस्वस्थ व्हायला लागला की लगेच करायचं. आणि त्याआधी घरच्या मैदानात, चालीत, दोन्ही बाजूंनी घोटून ठेवायचं. ऐनवेळी पहिल्यांदा करून पाहायची ही गोष्ट नाही.

कोणता घोडा घ्यावा?

पहिला घोडा असेल तर वय दहा-बाराच्या पुढचं, बरंच जग पाहिलेला, रंग कुठलाही. ‘दोघं एकत्र शिकतील’ म्हणून मुलीला शिंगरू घेऊन देणारे वडील दरवर्षी भेटतात. हिरवा, म्हणजे नवखा, स्वार आणि हिरवा घोडा मिळून काळे-निळे डाग पडतात, असं इकडे म्हणतात ते खरं आहे.

जातीत अमेरिकन क्वार्टर हॉर्सला तोड नाही. पाव मैलाच्या शर्यतीत भल्याभल्यांना मागे टाकणारा, मागचा भाग भरदार, स्वभाव थंड. या जातीची नोंद ठेवणारी संस्था १९४० मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला स्थापन झाली, कचेरी पुढे अमरिलोला गेली. विकत घेताना वंशावळीबरोबर आनुवंशिक आजारांची तपासणीही मागा. या जातीत स्नायूंचा एक आजार इम्प्रेसिव्ह नावाच्या एकाच नामांकित घोड्याच्या वंशातून पसरला आहे.

सरकारकडून दत्तक मिळणारे रानटी मस्टँग स्वस्त असतात आणि काही अप्रतिम निघतात. पण तो पहिला घोडा नव्हे, पाचवा.

माझं वजन नव्वद किलो, वय पन्नास. चालेल?

वयाची अडचण नाही. वजनाचा ठोकताळा असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहावं. पाचशे किलोच्या घोड्याला शंभर किलो. पंधरा किलोचं खोगीर धरलं तर तुमचे एकशे पाच होतात, म्हणजे घोडा थोडा मोठा हवा किंवा खोगीर हलकं. पर्यटकांना फिरवणाऱ्या रँचवर वजनाची मर्यादा विचारतात, तेव्हा खरं सांगा. चढताना ओटा किंवा स्टूल वापरा. खालून रिकिबीला लोंबकळून चढण्यात मर्दुमकी नाही, घोड्याची पाठ मात्र पिरगळते.

हेल्मेट की हॅट?

हेल्मेट. कपडे म्हणाल तर जाड जीन्स आणि टाचेचे बूट. टाच असते ती पाय रिकिबीतून आरपार घुसू नये म्हणून. स्पोर्ट्स शूज घालून आलेल्याला घोड्यावर बसवू नये.

स्पर्धा कोणकोणत्या असतात?

बऱ्याच. पण दोन पाहाच. रेनिंगमध्ये ठरलेल्या आकृतीप्रमाणे वर्तुळं, जागच्या जागी गिरक्या, आणि भरधाव येऊन मागच्या पायांवर घसरत थांबणं असतं. प्रत्येक स्वाराचं खातं सत्तर गुणांपासून सुरू होतं आणि प्रत्येक कृतीला दीड गुण वर किंवा दीड गुण खाली होऊ शकतो. घसरण्यासाठी मागच्या पायांना रुंद, गुळगुळीत नाल मारलेले असतात. हा प्रकार २००० मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघात आला आणि २००२च्या जागतिक स्पर्धेत खेळला गेला, ऑलिंपिकमध्ये मात्र कधीच नाही.

कटिंग हे माझं आवडतं. अडीच मिनिटांत कळपातून गाय वेगळी काढायची, आणि गाय वेगळी झाली की स्वाराने लगामाचा हात मानेवर खाली सोडायचा. पुढचं सगळं घोडा करतो. गाय डावीकडे झेपावली की घोडा पोट जमिनीला लागेल इतका खाली बसून तिच्यासमोर हजर. गाय परत कळपात घुसली तर पाच गुण गेले.

बॅरल रेसिंग मुलींमध्ये फार लोकप्रिय आहे. तीन पिंपांना वळसे घालून कमीत कमी वेळात परत यायचं, पिंप पाडलं की पाच सेकंदांचा दंड. रोडिओतलं, म्हणजे काऊबॉयांच्या खेळांच्या मेळ्यातलं, बैलावर बसणं हा वेगळा धंदा आहे, त्याचा घोडा शिकवण्याशी संबंध नाही.

मुलांना सुरुवात करून द्यायची असेल तर अमेरिकेत बहुतेक काउंट्यांमध्ये फोर-एच संस्थेचे घोड्यांचे उपक्रम असतात. स्वतःचा घोडा नसलेल्या मुलांनाही काही ठिकाणी घेतात, विचारून बघा.

महाराष्ट्रात वेस्टर्न शिकता येईल का?

मुंबई-पुण्याच्या क्लबांत मुख्यतः इंग्लिश पद्धतच शिकवतात, आणि ती नीट शिकलात तर वाया जात नाही. तोल, बैठक आणि घोड्याभोवती वावरायची सवय तिथेच येते. जमिनीवरचं काम, दाब आणि सुटका, मानेच्या स्पर्शाने वळणं, यातल्या कशालाही शिंगाचं खोगीर लागत नाही. मारवाडी, काठेवाडी, भीमथडी, कुठलाही घोडा हे शिकतो. मारवाडी-काठेवाडी घोडे क्वार्टर हॉर्सपेक्षा तल्लख आणि लवकर बुजणारे असतात, म्हणून तुमची सुटका आणखी चोख हवी. सारंगखेड्याच्या बाजारात नाचरा घोडा पाहून भुलू नका. लगाम घट्ट आखडून नाचवलेल्या घोड्याला आधी सैल लगामावर शांत चालायला शिकवावं लागतं, आणि त्याला महिने जातात.

घोडा प्रशिक्षकाकडे किती दिवस ठेवावा? प्रशिक्षक निवडू कसा?

इकडे तीस, साठ, नव्वद दिवसांचे करार चालतात. तीस दिवसांत घोडा बसू देतो, चालतो, थांबतो, इतकंच. त्याला शिकलेला घोडा म्हणू नये. साठ-नव्वद दिवस ठेवा, आणि शेवटच्या काही आठवड्यांत स्वतः जाऊन प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली त्याच घोड्यावर बसा. नाहीतर घोडा प्रशिक्षकाची भाषा शिकून येतो आणि घरी कोणालाच ती येत नाही.

निवडताना न सांगता जा. त्याचे घोडे तबेल्यात माणूस आला की पुढे येतात की कोपऱ्यात पाठ फिरवून उभे राहतात ते बघा. तोंडाच्या कोपऱ्यांत, बरगड्यांवर जखमा किंवा पांढरे केस आहेत का ते तपासा. त्याला एखाद्या तरुण घोड्यावर खोगीर चढवायला सांगा आणि त्याचे हात बघत बसा. पैशांचं बोलणं त्यानंतर.